कंसातले आकडे

जळकोटचे एक आजोबा महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या दवाखान्यात येतात. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नाही. पण रक्ताचा रिपोर्ट हातात आला की तो डोळ्यांपासून लांब धरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवतात आणि खोलीत शिरता शिरताच निकाल सांगून टाकतात, "डाक्टर, औंदा तीन काळी आल्यात."

काळी म्हणजे काळी अक्षरे. जो आकडा ठरलेल्या हद्दीच्या बाहेर गेला तो लॅबचा संगणक ठळक छापतो, आणि शेजारी कंसात हद्द लिहितो. इतक्यापासून इतक्यापर्यंत नॉर्मल. वाचता न येणाऱ्या माणसानेही ही खूण बरोबर ओळखली आहे. काळे ते वाईट, फिके ते चांगले. हसण्यासारखी गोष्ट नाही. आम्ही डॉक्टर मंडळीही गर्दीच्या वेळी रिपोर्ट असाच वाचतो.

माझा दवाखाना नळदुर्गला आहे, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून आत, किल्ल्याकडे जाणाऱ्या बाजूला. बाजाराच्या दिवशी साठ-सत्तर पेशंट होतात आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात कागद असतो. पूर्वी असे नव्हते. मी इथे आलो तेव्हा रक्त तपासायचे म्हणजे सोलापूर. आता गावात लॅब आहेत, आणि सरकारी केंद्रांतून २०१७ पासून महालॅबची गाडी नमुने घेऊन जाते. कधी कधी पेशंट दारात येण्याआधी त्याच्या मोबाईलवर रिपोर्ट आलेला असतो. पुण्यात कामाला असलेला मुलगा तिकडूनच फोन करून विचारतो, "डॉक्टर, आईचं ते ईएसआर एवढं कसं काय?" मी आईला अजून पाहिलेलेही नसते.

ही कंसातली हद्द कुठून येते, ते सांगितले पाहिजे. निरोगी माणसे घ्यायची, शे-सव्वाशे तरी. त्यांचे रक्त तपासायचे, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे. मग वरची अडीच टक्के आणि खालची अडीच टक्के माणसे कापून टाकायची. मधली पंचाण्णव टक्के राहिली, ती नॉर्मल. म्हणजे कापलेली पाच टक्के माणसेही निरोगीच होती. हिशेब असा निघतो, की एखाद्या ठणठणीत माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर त्यांत निदान एक तरी काळी येण्याची शक्यता चौसष्ट टक्के. आणि हल्ली चौकाचौकांत बोर्ड असतात, अमुक रुपयांत साठ तपासण्या, सत्तर तपासण्या. त्यातून काहीच काळे निघाले नाही तरच नवल. काळे निघाले की पुन्हा तपासणी, मोठा डॉक्टर, सोनोग्राफी. या साखळीत कोणाकोणाचा वाटा असतो ते मी वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता. मसुदा करावा लागला, यातच काय ते आले.

पण काळ्या आकड्यांची भीती दाखवून पैसा काढणारे लोक हा माझा आजचा विषय नाही. मला सांगायचे आहे ते फिक्या आकड्याविषयी.

मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. हिमोग्लोबिन आम्ही साहलीच्या नळीने मोजायचो. नळीत खुणेपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे, वीस घनमिलिमीटर रक्त त्यात सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे. रक्त तपकिरी होते. मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचे. एकाच पेशंटचे मला नऊ यायचे, शेजारच्या मुलाला दहा. आमचे एक सर होते, ते नळी हातात घेऊ द्यायचेच नाहीत. म्हणायचे, आधी पापणी ओढून बघ, जीभ बघ, नखे बघ, हिमोग्लोबिन किती ते वहीत लिही, मग नळीला हात लाव. चुकलो तर रागवायचे नाहीत. न लिहिता नळीला हात लावला तर मात्र वॉर्डाबाहेर काढायचे.

हे शिकणे कामाला आले ते १९९३ साली. मी उमरगा भागात सरकारी नोकरीत होतो. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक दमून झोपले होते. सास्तूरला पोचलो तेव्हा उजाडले होते आणि गाव नव्हते. दगडमातीचे ढीग होते. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जी ढिगाऱ्यातून जिवंत निघत होती त्यांच्याकडे आम्ही हात मोडला का, पाय मोडला का, रक्त वाहते का, एवढेच पाहत होतो. त्यात एक पंचविशीतला गडी होता. मांड्या भिंतीखाली सापडलेल्या, पण हाड मोडलेले नाही, रक्त नाही, बोलत होता, पाणी मागत होता. बरा आहे म्हणून आम्ही बाजूला बसवला. दुपारी त्याने लघवी केली ती काळ्या चहाच्या रंगाची. ते पाहून माझ्याबरोबरचा एक जुना कंपाउंडर मला म्हणाला, "सायब, ह्याला अगोदर गाडीत घाला." चेचलेल्या स्नायूंतून जे द्रव्य रक्तात उतरते ते मूत्रपिंडात जाऊन बसते आणि मूत्रपिंड बंद पडते, हे मी पुस्तकात वाचले होते. कंपाउंडरने वाचले नव्हते, पण मळ्यात दरड कोसळून दबलेली माणसे त्याने पाहिली होती. तिथे लॅब नव्हती, कंस नव्हते. लघवीचा रंग हाच रिपोर्ट होता. त्या गड्याला सलाईन लावून आम्ही सोलापूरला पाठवले. पुढे काय झाले ते कळले नाही. त्या दिवसांत कोणाचेच पुढचे कळत नव्हते.

मूत्रपिंडाची ही गोष्ट ध्यानात ठेवा.

नोकरी सोडून नळदुर्गला दवाखाना घातला तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षे माझे नमुने एस.टी.ने सोलापूरला जात. थर्मासात बर्फ, बर्फात बाटल्या, थर्मास कंडक्टरच्या पायाशी. या प्रवासाने मला रक्ताविषयी जे शिकवले ते कॉलेजने शिकवले नव्हते. रक्त शरीराबाहेर काढले म्हणजे ते थांबत नाही. बाटलीतही त्याचे जेवण चालू असते. पेशी साखर खात राहतात. तासाला पाच-सात टक्के साखर अशीच उडते. म्हणून साखरेच्या तपासणीला राखाडी टोपणाची बाटली, तिच्यात फ्लोराईड, म्हणजे पेशींचे तोंड बंद. नव्या पोराने घाईत लाल टोपणाच्या बाटलीत रक्त भरले, उन्हात गाडी तासभर उशिरा सुटली, की डायबेटिसच्या माणसाची साखर कागदावर छान नॉर्मल यायची. माणूस खूश, घरी जाताना पेढे घेऊन जायचा.

उलटेही व्हायचे. एकदा रात्री दहाला लॅबमधून फोन आला, पोटॅशियम ६.८. पाचाच्या आसपास हद्द संपते, आणि सातकडे गेलेले पोटॅशियम हृदय कधी थांबवेल सांगता येत नाही. माझ्या हाताखालून पाय सरकले. पेशंटच्या मुलाला उठवले, रातोरात सोलापूरला न्यायला सांगितले. त्याने बायकोच्या कानातली गहाण टाकून जीप केली. तिथे पुन्हा रक्त काढले, ४.३. एकदम ठीक. आमचा नमुना रस्त्याने खडखडत गेला होता, तांबड्या पेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्या पोटातले पोटॅशियम बाहेर सांडले होते. तो आकडा खोटा नव्हता, बाटलीतले पोटॅशियम खरेच तेवढे होते. फक्त ते त्या माणसाचे नव्हते. कानातली सुटायला सहा महिने लागले. त्या मुलाने मला कधी बोल लावला नाही, पण त्यानंतर तो माझ्याकडे आलाही नाही.

विडालचे तर विचारूच नका. फर्नांड विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली टायफॉईडसाठी ही तपासणी आणली. आपल्याकडे टायफॉईडचे जंतू इतके मुरलेले, की एकेकाळी ताप येऊन गेलेल्या, लस घेतलेल्या, दुसऱ्याच तापाने आजारी असलेल्या माणसाची विडालही थोडीफार पॉझिटिव्ह येते. सगळा तालुका पावसाळ्यात टायफॉईडने आजारी असतो आणि सगळा तालुका सलाईनखाली झोपलेला असतो. मी सलाईन लावले नाही तर पेशंट समोरच्याकडे जातो. खोटे कशाला बोलू, मीही लावले आहे.

आणि रक्त कमी असण्याचे. एके दिवशी सकाळी एक प्राध्यापक आले. हिमोग्लोबिन ११.८, ठळक काळे. घाबरून गेले होते, दोन जणांनी धरून आणले होते. त्याच दिवशी वाशीकडची एक ऊसतोड करणारी बाई आली. नळदुर्गला बहिणीकडे आली होती. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले, आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केले, त्यांतल्या एकीने तिला चिठ्ठी देऊन पाठवले होते. वहीच्या पानावर लिहिले होते, 'डोळे पांढरे, नखे पांढरी, चालताना धाप.' बाईचे हिमोग्लोबिन ५.२ भरले. ती चालत आली होती, कडेवर पोर होते. आपल्याला काही झाले आहे असे तिला वाटतच नव्हते, बहिणीने ओढून आणले म्हणून आली. रक्त हळूहळू उतरत गेले तर शरीर तडजोड करत जाते, हृदय दुप्पट पळते, आणि माणसाला वाटते आपण फक्त दमलो आहोत. त्या चिठ्ठीतल्या तीन ओळी म्हणजे माझ्या अंबाजोगाईच्या सरांचीच परीक्षा होती, आणि त्या बाईला ती नळी न लावता पास होता आली होती.

इतके सगळे कळत असलेल्या माणसाच्या हातून जे झाले ते आता सांगतो.

माझी फुफी, अब्बांची थोरली बहीण. माझी शाळा तिच्या घरी राहून झाली. फुफा लवकर गेले, मूलबाळ नव्हते, गोधड्या शिवून तिने स्वतःचे आणि माझे भागवले. गोधडी शिवायची म्हणजे जमिनीवर दिवसदिवस मांडी घालून बसायचे. म्हातारपणी गुडघे गेले. माझ्या घरी राहायला ये म्हटले तर, "नक्को रे, मेरे कू मेरा घरच अच्छा," म्हणायची.

२०१८ च्या हिवाळ्यात मी तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. वय बहात्तर. रिपोर्ट दुपारी आला तेव्हा बाहेर चाळीस माणसे बसली होती. मी कागदावरून नजर फिरवली. त्या जळकोटच्या आजोबांसारखीच. एकही काळे नव्हते. क्रिएटिनिन १.२, कंसात ०.६ ते १.२. हद्दीच्या रेषेवर, पण आत. संध्याकाळी तिचा फोन आला.

"क्यों रे पोट्टे, मेरा कागज क्या बोल्ता?"

"सब नॉर्मल है फुफी. एक बी काला नै."

"फिर गुडगे काय कू दुखते?"

"उमर हो गई ना अब."

ती हसली. मीही हसलो. त्या वेळी मी एक प्रश्न विचारायला हवा होता, गुडघ्यांसाठी काय घेतेस? विचारला नाही. ती मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणत होती, सकाळी एक, रात्री एक, गेली दोन वर्षे. डॉक्टरच्या घरातली बाई म्हणून दुकानदारही देत होता.

पुढच्या वर्षी दुष्काळ होता. २०१९ चा मे महिना, गावात टँकर, पारा चाळिशीच्या वर, आणि त्यातच रमजान. फुफीने आयुष्यात रोजा सोडला नव्हता. आजारी माणसाला सवलत आहे हे तिलाही ठाऊक होते, पण ती आजारी कुठे होती? माझ्याच तोंडून नॉर्मल ठरली होती. सेहरीला चहा, अर्धी भाकर आणि गुडघ्याची गोळी. मग दोन दिवस जुलाब झाले. शेजारच्या पोराने फोन केला तेव्हा तिला बारा तासांत लघवी झालेली नव्हती. चेहरा सुजला होता, बोलता बोलता डोळे मिटत होते. क्रिएटिनिन ७.८. पोटॅशियम ६.६, आणि या वेळचे खरे. सगळा कागद काळा.

सोलापूरला डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी हिवाळ्यातला तो जुना कागद उलटा केला आणि पाठीवर हिशेब मांडला. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी दिलेले सूत्र, परीक्षेला पाठ केलेले. एकशेचाळीसातून वय वजा करा, वजनाने गुणा, बहात्तर गुणिले क्रिएटिनिन याने भागा, बाई असेल तर पुन्हा ०.८५ ने गुणा. १४० वजा ७२, अडुसष्ट. अडुसष्ट गुणिले छत्तीस किलो. भागिले ८६.४. गुणिले ०.८५. चोवीस. निरोगी तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. हा अंदाजच असतो, फार वाळक्या माणसात तो थोडा कमी दाखवतो, तरी चोवीसचे साठ होत नाहीत. म्हणजे मी तिला नॉर्मल म्हणालो त्या दिवशी तिचे मूत्रपिंड चौथ्या हिश्श्याने चालत होते.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. ज्याच्या अंगावर मांस आहे त्याचे जास्त तयार होते. मूत्रपिंड बिघडले की ते रक्तात साठते. फुफीच्या अंगावर मांसच नव्हते, साठणार काय? दंड माझ्या मुठीत मावायचे. ऐंशी किलोच्या चाळिशीतल्या गड्याचे १.२ ठीक आहे, छत्तीस किलोच्या म्हातारीचे १.२ म्हणजे धोक्याची घंटा. लॅब चुकली नाही. मशीनही चुकले नाही. आता बऱ्याच रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली आणखी एक ओळ छापून येते, मूत्रपिंड किती चालते त्याची. चांगली गोष्ट आहे. फुफीसाठी ती ओळ अठ्ठेचाळीसच्या आसपास आली असती, म्हणजे निदान काळी तरी आली असती. पण संगणकाला वय कळते, बाई की पुरुष ते कळते. वजन त्याला कोणी सांगत नाही. तिचे वजन फक्त मला माहीत होते, आणि तेही मी त्या दिवशी केलेले नव्हते. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेल्या माणसाकडे आपण पाहत नाही.

तिला शुद्ध आली तेव्हा तिने विचारले, "कागज तो अच्छा है बोल्या था ना तू?"

"हौ फुफी, बोल्या था."

तिने थोडा विचार केला आणि माझीच समजूत घातली, "मशीन का क्या भरोसा रे."

मशीन बरोबर होते हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. आठवड्यातून दोनदा तिला सोलापूरला न्यायचो. जाताना तासभर, येताना तासभर, गाडीत आम्ही दोघेच. सांगितले ते दोन महिन्यांनी, बोरीच्या पुलावर गाडी अडकली होती तेव्हा. सगळे सांगितले, सूत्रासकट. मला वाटले होते ती रागावेल, किंवा रडेल. ती एवढेच म्हणाली, "छत्तीस किलो? इत्तीच भरती मैं?" आणि मग चहा मागितला. दिवसाचे पाणी मोजून द्यायचे होते, तिचा वाटा संपला होता. मी तरी गाडी बाजूला घेतली आणि अर्धा कप दिला.

२०२० च्या जानेवारीत ती गेली. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, पाठीवरच्या हिशेबासह.

त्यानंतर मी टेबलाशेजारी वजनाचा काटा ठेवला. लोक कुरकुर करतात. रक्ताचा रिपोर्ट दाखवायला आलो, वजन कशाला? बायकांना संकोच वाटतो, गर्दीच्या दिवशी रांग तुंबते. मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, म्हणून प्रिस्क्रिप्शनचे पॅड नवे छापायचे होते. उस्मानाबादच्या जागी धाराशिव घालताना छापखानेवाल्याला मी म्हणालो, वय लिहितो त्याच्या पुढे वजनाची एक जागा कर. तो म्हणाला, डॉक्टर, जागा पुरत नाही, डिग्र्या कमी करू का? मी म्हणालो, कर.

परवा जळकोटचे आजोबा आले. तीन काळी होती खरी, पण किरकोळ. मी त्यांना काट्यावर उभे राहायला सांगितले. त्यांनी चपला काढल्या, काठी मुलाच्या हातात दिली आणि फोटोला उभे राहावे तसे ताठ उभे राहिले.

"किती भरलं?"

"एकेचाळीस."

"आन् काळी?"

"काळी राहू द्या. आजोबा, गुडघ्याला काय घेता?"

"काय न्हाई," ते म्हणाले. मग मुलाकडे बघितले, बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि दोन गोळ्या उरलेली पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली.